कात्रज ते वरंध : भोर-वेल्ह्याच्या वाटेवरील मोटारप्रवास, तेव्हाचा आणि आताचा

पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातील भोर आणि वेल्हे हे दोन तालुके सह्याद्रीच्या मुख्य रांगेला पूर्वेकडून टेकलेले असून नीरा, वेळवंडी, गुंजवणी आणि कानंद या नद्यांच्या अरुंद खोऱ्यांनी त्यांची घडण ठरविली आहे. वेल्हे तालुक्याला अलीकडे राजगड असे नाव देण्यात आले असले, तरी येथे विवेचनापुरते जुनेच नाव ठेवले आहे. या खोऱ्यांत रेल्वे कधीच आली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्याहून मिरजेकडे नेलेला लोहमार्ग डोंगर टाळून पूर्वेकडून, नीरा आणि वाठार या स्थानकांवरून गेला आणि घाटमाथ्यालगतचा हा सारा मुलूख आगगाडीविना राहिला. त्यामुळे देशाच्या पुष्कळ भागांत मोटार जशी आगगाडीची स्पर्धक म्हणून आली, तशी ती येथे आली नाही. येथे तिची गाठ थेट लादणीचा बैल, बैलगाडी आणि टांगा यांच्याशी पडली. दूरच्या मोटारप्रवासाची सुरुवातीची अवस्था आणि आजची अवस्था यांची तुलना करण्यास हा प्रदेश विशेष उपयोगी आहे, याचे कारण हेच.

मोटार येण्यापूर्वी येथील वाहतुकीची मुख्य दिशा पूर्व-पश्चिम होती, ही गोष्ट आज सहसा ध्यानात घेतली जात नाही. हिरडस मावळ, रोहिड खोरे, गुंजण मावळ, कानद खोरे ही मावळांची नावे नद्यांच्या खोऱ्यांवरून आणि परिसरावरून पडलेली असून प्रत्येक खोऱ्याचे वरचे टोक कोकणात उतरणाऱ्या एखाद्या घाटवाटेपाशी जाऊन थांबते. केळदजवळचा मढे घाट, शेजारचा उपांड्या, गोप्या, शेवत्या, त्यापलीकडच्या बोराट्याची नाळ आणि सिंगापूरची नाळ या वाटांपैकी बहुतेक माणसाच्या पायासाठी आणि फार तर लादलेल्या जनावरासाठी होत्या. ‘नाळ’ म्हणजे डोंगराच्या चिरेतून खाली जाणारी, दगडधोंड्यांनी भरलेली अरुंद वाट. सावित्रीच्या खाडीवरील महाड ही कोकणातली मोठी बाजारपेठ होती आणि मीठ वर येणे व धान्य खाली जाणे हा घाटावरच्या व्यापाराचा कणा होता. राजगडावरची राजधानी रायगडावर गेली तेव्हाही राज्यकारभाराचे दळणवळण याच पूर्व-पश्चिम वाटांनी होत राहिले.

भोर संस्थानाची रचनादेखील हीच दिशा सांगते. छत्रपती राजाराममहाराजांच्या काळात शंकराजी नारायण सचिव यांच्याकडे आलेल्या मुलखातून हे संस्थान उभे राहिले. पुढे ते सातारा जहागिरींमध्ये, म्हणजे औंध, फलटण, अक्कलकोट, जत इत्यादींच्या बरोबरीने गणले गेले. सुमारे नऊशे चौरस मैलांच्या या संस्थानातील विचित्रगड, राजगड आणि प्रचंडगड हे तालुके घाटावर होते (विचित्रगड म्हणजे रोहिडा आणि प्रचंडगड म्हणजे तोरणा), तर सुधागड हा तालुका घाटाखाली, पालीच्या बाजूला होता. राजधानी वर आणि मुलखाचा एक हिस्सा खाली अशी ही मांडणी होती, म्हणून सह्याद्री ओलांडणे हा तेथील कारभाराचा नित्याचा भाग होता. इंग्रजी अमदानीत भोर-महाड मार्गावरील वरंध घाटातून गाडीरस्ता झाला. कावळ्या किल्ल्याची डोंगरधार जेथे हा रस्ता ओलांडतो, तेथे किल्ल्याचे दोन भाग पडलेले आजही दिसतात.

इंग्रजांना मात्र उत्तर-दक्षिण दिशा महत्त्वाची वाटत होती. पुणे, सातारा, कोल्हापूर, बेळगाव या ठाण्यांना जोडणारी आणि पुढे बंगळूरकडे जाणारी सडक त्यांच्या लष्कराच्या, टपालाच्या आणि महसुलाच्या गरजेतून घडली. ही सडक कात्रजचा घाट चढून भोर तालुक्याच्या पूर्व कडेने नसरापूर, कापूरहोळ, किकवी असा मार्ग घेते, सारोळ्याजवळ नीरा ओलांडून शिरवळला पोहोचते आणि पुढे खंबाटकी घाट चढून वाईच्या आणि साताऱ्याच्या बाजूला उतरते. उन्हाळ्यात मुंबईचे गव्हर्नर आणि त्यांच्यामागोमाग धनिक मंडळी महाबळेश्वराला जात, तेव्हा याच सडकेचा उपयोग होई. मुंबईत १८९८ च्या सुमारास पहिल्या मोटारी आल्या आणि पुढच्या दशकांत दूरच्या प्रवासाला मोटार काढण्याची हौस वाढली, तेव्हा पुणे-महाबळेश्वर हा टप्पा या इलाख्यातील नावाजलेल्या मोटारप्रवासांपैकी एक ठरला.

त्या काळच्या सडकेची बांधणी समजून घेतल्याशिवाय त्या प्रवासाची कल्पना येत नाही. फोडलेल्या दगडाची खडी पसरून, तिच्यावर मुरूम टाकून, पाणी शिंपडून आणि रूळ फिरवून दाबलेली अशी ती सडक असे. डांबराचा वापर फार पुढचा. बैलगाडीच्या चाकावरची लोखंडी धाव ही खडी भरडून तिचा भुगा करी, आणि वेगाने जाणारे मोटारीचे रबरी चाक खडीला धरून ठेवणारा तो भुगा उडवून नेई, म्हणजे दोन्ही वाहने मिळून एकाच रस्त्याचा दोन रीतींनी नाश करीत. उन्हाळ्यात या भुग्याची धूळ होई आणि पावसाळ्यात तिचाच चिखल होई. रस्ता टिकून राहण्याचे श्रेय मैलकुलींना द्यावे लागते. मैलकुली म्हणजे ठरावीक मैलांच्या टप्प्यावर कायम नेमलेला सडकेचा मजूर. खड्डे बुजविणे, कडेचे चर मोकळे ठेवणे, पडलेली दरड बाजूला सारणे ही त्याची कामे असत. मोटारप्रवासाच्या वर्णनांत गाडीचा मालक आणि तिची जात नेहमी नोंदली जाते, मैलकुलीचे नाव कधीच येत नाही. परंतु कात्रज किंवा वरंध घाट मोटारीला साधला तो प्रथम त्याच्या फावड्यामुळे.

मोटारीची स्वतःची तयारी तेव्हा कितपत होती, हे घाटात लगेच कळून येई. इंजिन सुरू करण्यासाठी समोरून लोखंडी हँडल फिरवावे लागे आणि ठिणगीची वेळ चुकली तर ते हँडल उलटे फिरून मनगट मोडण्याचा धोका असे. पेट्रोलपंप नव्हते, म्हणून पेट्रोल पत्र्याच्या डब्यांतून गाडीबरोबर न्यावे लागे. १९०८ ते १९२७ या काळात बनलेल्या आणि हिंदुस्थानातही पुष्कळ खपलेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाडीत पेट्रोलची टाकी पुढच्या आसनाखाली असून त्यातले पेट्रोल केवळ उताराच्या जोरावर इंजिनाकडे वाहत असे; त्यामुळे टाकी रिकामी होत आलेली असताना तीव्र चढ लागला की इंजिन टाकीपेक्षा उंच जाई आणि पेट्रोलचा पुरवठा तुटे. अशा वेळी गाडी वळवून, मागचा गिअर टाकून चढ उलटा चढणे हा ठरलेला उपाय होता. चढावर इंजिन तापून रेडिएटरमधील, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या जाळीतील, पाणी उकळू लागे. मग गाडी उभी करून चाकामागे दगड लावायचा, इंजिन निवेपर्यंत थांबायचे आणि जवळच्या ओढ्यावरून किंवा विहिरीवरून पाणी आणून भरायचे. उतार त्याहून अवघड, कारण १९२० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बहुतेक गाड्यांना ब्रेक फक्त मागच्या चाकांनाच असत, आणि लांबलचक उतारावर ते तापून निकामी होण्याची भीती असल्यामुळे खालच्या गिअरमध्ये इंजिनाच्या अडथळ्यावरच गाडी उतरवावी लागे. रात्री कार्बाइडचे दिवे लावीत. कॅल्शियम कार्बाइडवर थेंबथेंब पाणी सोडून तयार होणाऱ्या वायूवर हे दिवे जळत, त्यांचा उजेड थोडा आणि वाऱ्याला भिणारा, म्हणून शहाणे प्रवासी घाट दिवसाउजेडीच ओलांडीत आणि अंधार पडला की डाक बंगल्यात किंवा धर्मशाळेत मुक्काम करीत.

यातून एक गोष्ट ठळकपणे दिसते. तेव्हाचा मोटारवाला स्वतंत्र होता असे आज मानले जाते, परंतु वस्तुतः तो वाटेवरच्या गावांवर पूर्णपणे अवलंबून होता. नदीच्या उतारात, म्हणजे पूल नसलेल्या जागी पात्रातून काढलेल्या वाटेत, गाडी रुतली तर बैलजोडी लावूनच ती ओढून काढावी लागे. स्प्रिंगचे पाते तुटले तर गावच्या लोहाराच्या भट्टीशिवाय इलाज नसे. पाणी, चारा नसला तरी भाकरी आणि रात्रीचा आसरा, सारे गावाकडूनच मिळे. ज्या वाहनाने पुढे बैलगाडीला रस्त्याच्या कडेला ढकलले, त्याची पहिली तीस-चाळीस वर्षे बैलांच्या आधारावर गेली. गावाचीही या निमित्ताने बाहेरच्या जगाशी ओळख होत होती, आणि ही देवाणघेवाण सक्तीची असली तरी समोरासमोरची होती.

मोटार केवळ धनिकांची राहिली नाही, हे महाराष्ट्रातील मोटारप्रवासाच्या इतिहासातले खरे वळण होय. पहिल्या महायुद्धानंतर आणि विशेषतः १९२० च्या दशकात खासगी ‘सर्व्हिस मोटारी’ सुरू झाल्या. ट्रकच्या सांगाड्यावर लाकडी बाके आणि वर टप बसवून केलेल्या या गाड्यांना वेळापत्रक असे नव्हते. उतारू भरले की गाडी सुटे, आणि भरले याचा अर्थ मालकाच्या मर्जीवर असे. टप म्हणजे गाडीचे छत, आणि सामानाबरोबर माणसेही त्यावर बसत. भोरसारख्या आगगाडी नसलेल्या गावाला पुण्याच्या कचेऱ्या, शाळा, दवाखाने आणि पेठा यांच्याशी नियमित जोडण्याचे काम या गैरसोयीच्या गाड्यांनी केले. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आले, तेव्हा पुष्कळ गाड्यांना मागच्या बाजूला कोळशाच्या गॅसची भट्टी बसविण्यात आली. लोणारी कोळसा अर्धवट जाळून निघणाऱ्या वायूवर इंजिन चाले, पण त्याची ताकद पेट्रोलपेक्षा बरीच कमी पडे, आणि त्यामुळे चढ आला की उतारूंनी खाली उतरून गाडीबरोबर चालणे हा त्या काळच्या घाटप्रवासाचा भागच होऊन गेला.

रस्त्यांचा प्रश्न अखिल भारतीय पातळीवर मांडला गेला तो १९२७ मध्ये, आणि तो मांडणाऱ्या समितीचे अध्यक्षपद मुकुंदराव जयकर यांच्याकडे होते, याची नोंद येथे घेतली पाहिजे. जयकर समितीने असे सांगितले की, दूरच्या वाहतुकीचे रस्ते हे स्थानिक संस्थांच्या आवाक्याबाहेरचे काम झाले असून त्यांसाठी पेट्रोलवर जादा कर बसवून स्वतंत्र निधी उभारावा. त्यानुसार पेट्रोलवर दर गॅलनला दोन आणे जादा बसवून १९२९ मध्ये मध्यवर्ती रस्ता निधी सुरू झाला, आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही रस्तेबांधणीच्या अभियंत्यांची संस्था स्थापन झाली. या निधीची वाटणी करताना त्या त्या प्रांतात खपणारे पेट्रोल हा मुख्य आधार धरला गेला. जेथे मोटारी अधिक, तेथे पैसा अधिक, असे हे सूत्र होते. ते हिशेबाला सरळ असले तरी डोंगरी मुलखाला अन्यायाचे होते, कारण जेथे रस्ताच नाही तेथे मोटार जाणार कोठून आणि पेट्रोल खपणार कसे, याचे उत्तर त्यात नव्हते. १९४३ च्या नागपूर योजनेने ही उणीव काही अंशी ओळखली. देशातील मुख्य अभियंत्यांच्या नागपूर येथील परिषदेत ठरलेल्या या योजनेत रस्त्यांचे राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग असे वर्ग पाडले गेले आणि विकसित शेतीप्रदेशातील कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा दूर नसावे असे उद्दिष्ट ठेवले गेले. केळद, मोहरी, हिरडोशी यांसारखी घाटमाथ्यावरची आणि खोऱ्यांच्या शेंड्याची गावे ‘विकसित शेतीप्रदेश’ या शब्दांत बसणारी नव्हती.

८ मार्च १९४८ रोजी भोर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले; घाटावरचा त्याचा बहुतेक मुलूख पुणे जिल्ह्यात आणि सुधागड कुलाबा जिल्ह्यात गेला. त्याच वर्षी १ जून रोजी राज्याच्या मोटारवाहतुकीची पहिली बस पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. या दोन घटनांचा एकमेकींशी प्रत्यक्ष संबंध नसला, तरी भोर-वेल्ह्याच्या दृष्टीने त्या एकाच स्थित्यंतराच्या दोन बाजू आहेत. एसटीने खोऱ्यांत जे केले ते कोणत्याही खासगी मोटारीने केले नव्हते. मुक्कामी गाडी, म्हणजे संध्याकाळी शेवटच्या गावी पोहोचून चालक-वाहकासह रात्रभर तेथेच राहणारी आणि पहाटे शहराकडे परतणारी बस, हे या डोंगरी मुलखाचे सर्वांत मोठे वाहतूकसाधन ठरले. दूध, टपाल, वर्तमानपत्र, शिकणारी मुले, मुंबईतील गिरण्यांत आणि पुण्यात काम करणारे चाकरमानी, या सर्वांचा दिवस या गाडीच्या वेळेने बांधला गेला. दूरच्या प्रवासाचा इतिहास लिहिताना खासगी गाडीला मध्यभागी ठेवण्याची सवय आहे, ती येथे सोडावी लागते. भोर-वेल्ह्यातील बहुसंख्य माणसांनी आयुष्यातला पहिला लांबचा प्रवास एसटीनेच केला.

पुणे-सातारा सडकेचे रूप यानंतर टप्प्याटप्प्याने पालटले. ती राष्ट्रीय महामार्ग ४ झाली, पुढे सुवर्ण चतुर्भुज योजनेच्या मुंबई-चेन्नई भुजेचा भाग म्हणून चौपदरी झाली, आणि क्रमांक बदलून आता राष्ट्रीय महामार्ग ४८ म्हणून ओळखली जाते. कात्रजच्या माथ्यावरील जुना बोगदा मागे टाकून डोंगराच्या पोटातून नवे बोगदे निघाले. साताऱ्याहून पुण्याकडे येणाऱ्या वाहनांना खंबाटकीतही बोगदा मिळाला. ज्या चढावर एकेकाळी इंजिन निवण्याची वाट पाहत बसावे लागे, तो चढ आजच्या प्रवाशाला जाणवतही नाही. पंक्चर क्वचित होते, दिवे रात्रीचा दिवस करतात, मोबाइलवरचा नकाशा वाट सांगतो आणि अपघात झाला तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावता येते. खेड-शिवापूरचा टोलनाका मात्र वाटतो तितका नवा प्रकार नाही, कारण सडकेचा खर्च वापरणाऱ्यांकडून वसूल करण्याची तरतूद मुंबई इलाख्यात १८७५ च्या पथकर कायद्यानेच झाली होती. बदल झाला तो वसुलीच्या रीतीत, आणि २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाल्यावर नाक्यावरचा माणसाशी होणारा व्यवहारही जवळजवळ संपला.

या सोयीची किंमत गावांनी वेगळ्या रीतीने मोजली आहे. उड्डाणपुलावरून जाणाऱ्याला नसरापूर, चेलाडी, कापूरहोळ ही केवळ हिरव्या फलकांवरची नावे उरली आहेत आणि नानासाहेब पेशव्यांच्या काळातले बनेश्वराचे मंदिर महामार्गापासून थोडेसे आत असूनही असंख्य प्रवाशांच्या वाटेत येत नाही. गावकऱ्यांच्या दृष्टीने हाच महामार्ग ओलांडायची गोष्ट झाला आहे, कारण शेत एका बाजूला आणि घर दुसऱ्या बाजूला अशी स्थिती जागोजागी आहे. वेगाबरोबर नव्या प्रकारचे धोकेही आले. जून २०१३ मध्ये शिंदेवाडीजवळ डोंगरावरून आलेल्या पाण्याच्या लोंढ्यात महामार्गावरची एक मोटार वाहून गेली आणि दोघींचा जीव गेला, तेव्हा कात्रजपलीकडच्या डोंगरफोडीचा आणि बुजविलेल्या ओढ्यांचा प्रश्न सर्वांसमोर आला. मैलकुली ज्या चरांची राखण करीत होता, ते चर किती मोलाचे होते हे अशा वेळी कळते.

या साऱ्या प्रगतीची दिशा उत्तर-दक्षिण आहे. कापूरहोळला महामार्ग सोडून पश्चिमेकडे वळले की काळाचे गणित बदलते. भोर गावापर्यंतचा रस्ता सुधारला आहे. परंतु पुढे नीरा-देवघर धरणाच्या जलाशयाच्या कडेने वरंधकडे जाणारी वाट अरुंद, वळणांची आणि पावसावर अवलंबून आहे. अलीकडे तिला राष्ट्रीय महामार्गाचा दर्जा मिळून रुंदीकरणाची कामे सुरू झाली असली, तरी गेल्या काही वर्षांत पावसाळ्यात दरडी कोसळण्याच्या भीतीने जिल्हा प्रशासनाला हा घाट अवजड वाहनांसाठी, आणि अतिवृष्टीच्या काळात सर्वच वाहनांसाठी, बंद करावा लागला आहे. मग भोरच्या माणसाला महाडला जायचे तर पुण्याला उलट जाऊन ताम्हिणी घाटाने किंवा वाई-महाबळेश्वरमार्गे आंबेनळी घाटाने उतरावे लागते, म्हणजे समोर दिसणाऱ्या डोंगराला कित्येक तासांचा वळसा पडतो. घाटमाथ्यावरच्या वाघजाई देवीपाशी आजही गाड्या थांबतात, चालक हात जोडतो आणि टपऱ्यांवर चहा-भजी होतात. कित्येक ठिकाणी मोबाइलला रेंज नसते, आणि गाडी बंद पडली तर पहिली मदत मागून येणाऱ्या वाहनाची किंवा जवळच्या वाडीची असते. पहिल्या मोटारवाल्यांची आणि वाटेवरच्या गावाची जी गाठ महामार्गावर सुटली, ती येथे अजून पक्की आहे.

वेल्ह्यात हा फरक आणखी तीव्र होतो. पुण्याहून वेल्ह्याला जाण्यास चेलाडी-नसरापूरचा मार्ग आहे आणि सिंहगडाच्या पायथ्याकडून खानापूरमार्गे पाबे घाटाचाही आहे. पावसाळ्यात शनिवार-रविवारी तोरणा, राजगड आणि मढे घाटाचा धबधबा पाहण्यासाठी निघालेल्या मोटारींनी हे अरुंद रस्ते भरून जातात, इतके की गर्दी आवरण्यासाठी प्रशासनाला निर्बंध घालावे लागतात. या पर्यटकांसाठी केळद हे रस्त्याचे शेवटचे टोक आहे. केळदच्या रहिवाशासाठी ते तसे नव्हते. त्याच्या पूर्वजांची सोयरीक आणि बाजार घाटाखाली होता, आणि तानाजी मालुसऱ्यांचा देह उमरठला नेला तो मढे घाटाने, ही परंपरा या गावात जिवंत आहे. मोटारयुगाने दिशा बदलली तेव्हा हे गाव वाटेवरचे न राहता वाटेच्या शेवटी जाऊन पडले. केळदहून कर्णवडीमार्गे महाड तालुक्यात उतरणारा मोटाररस्ता व्हावा, ही दोन्ही बाजूंच्या गावांची अनेक वर्षांची मागणी आहे. ती पुरी करताना डोंगर किती फोडावा, पाण्याचे प्रवाह कसे मोकळे ठेवावेत आणि रस्त्याच्या नित्य देखभालीसाठी माणसे कोठून नेमावीत, हे प्रश्न कात्रज आणि वरंध या दोन्ही घाटांच्या अनुभवावरून आधीच समोर आलेले आहेत, आणि त्यांची उत्तरे रस्त्याचा आराखडा आखतानाच द्यावी लागतील.